गच्चीवरचा खांब

गांगुर्ड्यांचा फोन, सकाळी साडेनवाला, मखमलाबादहून:
"साहेब, फिक्स येत नाहीये. फ्लोट, फ्लोट, नुसतं फ्लोट.
बांधावर दोघं चुलतभाऊ उभे आहेत,
मधे मी, रोव्हरची काठी धरून,
आणि दोघंही काठीच्या टोकाकडे बघतायत."

सत्तावन्न पायऱ्या चढून गच्चीवर.
आमचं स्टेशन म्हणजे सिमेंटचा छातीएवढा खांब,
त्यावर उपड्या वाडग्यासारखी पांढरी अँटेना.
तिचं काम एकच: हलायचं नाही.
आपण कुठे आहोत हे तिला मिलिमीटरपर्यंत पाठ,
म्हणून आभाळ किती चुकतंय ते तिला कळतं
आणि सेकंदाला एकदा ती ते सांगत राहते,
दिंडोरीपासून सिन्नरपर्यंत, जो ऐकेल त्याला.

वर प्रत्येक उपग्रहात तीन-चार घड्याळं असतात.
प्रशिक्षणात सांगितलेलं: पहिलं बिघडलं की दुसरं लावतात,
दुसरं बिघडलं की तिसरं.
आणि मग, असं मी विचारलं, तर जेवायची सुट्टी झाली.
घड्याळं संपलेला उपग्रहही फिरत राहतो म्हणे,
वेळेवर उगवतो, मावळतो,
फक्त त्याला काही विचारायचं नसतं.
आमच्याकडचे देवचके अण्णा निवृत्तीनंतरही
दहाच्या ठोक्याला येऊन बसायचे, तसा.

टेप सोलून कनेक्टर उघडला. पाणी नाही.
बॅटरी ठीक.
मग दिसला पत्रा.
कँटीनच्या इंदूबाईंनी कुरडयांवर कबुतरं येतात म्हणून
खांबाला टेकवून उभा केलेला, नवा, चकचकीत.
वरून आलेला प्रत्येक शब्द त्यावर आपटून
पुन्हा ऐकू येत होता, किंचित उशिरा.
गंगेवर दोन भोंगे एकदम लागले की
एकाचंही धड कळत नाही,
तसं.

पत्रा हलवला.
कुरडया टाकीपलीकडे नेल्या, एकही न मोडता.

"आला! दोन सेंटिमीटरवर आला!"
मागून कुणीतरी: "बघा, हातभर आमच्यात घुसलाय!"
"हातभर नाही हो, एकोणचाळीस सेंटिमीटर," गांगुर्डे म्हणाले,
आणि भांडण नव्या आकड्यावरून पुढे सुरू झालं.

कठड्याशी जरा टेकलो.
ही सगळी जमीन म्हणे वर्षाला चार-पाच सेंटिमीटर
ईशान्येला सरकते,
बांध, भाऊ, खांब, टाकी, सगळ्यांना घेऊन.
मला इथे अकरा वर्षं झाली. अर्ज तीन.
म्हणजे अर्धा मीटर तरी
झालीच की बदली.

खाली येऊन नोंदवहीत लिहिलं:
बिघाड: नाही.
दुरुस्ती: पत्रा, कुरडया.