निरंक

तट्टू ओढ्यापाशीच थांबतं. पुढं बर्फ,
पुढं खुरांना न सोसणारी चढण,
आणि चढणीच्या टोकाला हा-मोतेबांग.
घरं बावीस, माझ्या यादीत एकोणीस.
तीन कुठं गेली हे विचारायला
फॉर्मात जागा नाही.

पलीकडच्या डोंगरावरचं गाव इथून दिसतं.
त्याची चिठ्ठी निघाली.
मासेरूच्या एका सभागृहात, काचेच्या बरणीतून,
सगळ्यांसमोर, अगदी न्यायानं.
त्यांना दर तीन महिन्यांनी मुलामागं पैसे.
यांना दर वर्षी मी.

म्मे मामोहाऊ दारातच
खांद्यावरच्या ब्लँकेटची पिन नीट करते,
म्हणते, आलीस? या खेपेला बूट बरे दिसतात.
मी पहिलं पान उघडते.
गेल्या बारा महिन्यांत शासनाकडून काही मदत?
निरंक.
एखाद्या संस्थेकडून?
निरंक.
परगावी असलेल्या नातलगाकडून?
ती चुलीतली शेणी सारखी करते.
मुलगा खाणीत होता, वेल्कोमच्या बाजूला.
आधी पैसे यायचे. मग पैशांच्या जागी निरोप यायचे.
मग तोच आला, खोकला घेऊन.
खोकल्याला या पानावर आकडा नाही.
मी लिहिते, निरंक.

नातू तेबेलो कोपऱ्यातून विचारतो,
पलीकडच्या पोरांना बूट मिळाले ना?
हो.
त्यांनी काय केलं होतं?
काही नाही.
आणि आम्ही?
काही नाही.
तो मान डोलावतो. दोन्ही उत्तरं सारखीच आली,
म्हणजे मी खोटं बोलत नसावी.

सातवं पान, आहार.
गेल्या सात दिवसांत मांस किती दिवस खाल्लं?
एक.
मी मान वर करते. पहिल्या वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षी शून्य.
कधी?
आज, ती म्हणते. खाशील ना?
तेव्हा कुठं नाकाला कळतं
मघापासून काय शिजतंय,
आणि मागच्या वर्षी माझ्या पायात घोटाळणारी
ठिपक्यांची कोंबडी अंगणात का दिसली नाही.

प्रशिक्षणात सांगितलंय, उत्तर सुचवायचं नाही,
बदलायचं नाही, हळहळायचं नाही,
चेहरा कोऱ्या कागदासारखा ठेवायचा.
मी लिहिते, एक.
असे किती एक घेऊन मी हा डोंगर उतरणार
मला ठाऊक आहे. या गावात पाहुण्याला
नुसती मक्याची उकड वाढत नाहीत.

ते एक मासेरूला जातील,
तिथून आणखी लांब, जिथं आपल्या हिवाळ्यात ऊन असतं.
तिथला कुणी सज्जन रात्री जागून
दोन गावांची वजाबाकी करेल.
फरक अपेक्षेपेक्षा कमी, असं लिहील,
मदत न मिळालेल्या गावातही आहार सुधारलेला दिसतो.
खोटं नाही त्यात काही.

बहिणीची फी या कामातून जाते. बूटही यातलेच.
हा-मोतेबांगमध्ये लाभार्थी शोधायचाच
तर ती ही, चुलीपाशी बसलेली, हातात तंगडी.

शेऱ्याचा रकाना अर्धा इंच.
मी पेन टेकवते तोच म्मे मामोहाऊ म्हणते,
आता माझी पाळी.
आई उठून बसते का आता?
घरून निघून किती दिवस झाले?
वाटेत कुणी जेवू घातलं?
आणि तो मास्तर, त्याचं पुढं काय झालं?
मी सगळं सांगते. मास्तरचंसुद्धा.
तिला यातलं काही लिहून घ्यावं लागत नाही.

उतरताना तेबेलो ओढ्यापर्यंत येतो
बापाच्या खाणीतल्या गमबुटांत,
आत कोंबलेले कागद पावलागणिक कुरकुरतात.
पुढच्या वर्षी येणार?
चौथी फेरी मंजूर झाली तर.
कधी कळेल?
मी तट्टूचा लगाम सोडवत राहते.
लवकर सांग, तो म्हणतो,
पिल्लू आत्ताच बाजूला काढावं लागेल.