वजा लग्न

सांगलीच्या मार्केट यार्डात, पेढीवर कॉम्प्युटर आला
तेव्हा आदगोंडा दिवाणजींनी
शोधाच्या चौकटीत अर्जच लिहिला:
'आमच्या हळदीच्या पेढीस हिशेबाकरिता
बरेसे सॉफ्टवेअर मिळावे, ही नम्र विनंती.'

आलं काय? नवरीच्या हळदीची गाणी,
फेसपॅक, खोकल्यावर दूध.

मी म्हटलं, विनंती काढा.
'आमच्या' नको, 'बरेसे' तर नकोच.
चिडले. मग बोलायचं कसं?

चाळीस वर्षं रुमालाखाली
बोटं दाबून सौदे केलेला माणूस.
ओठ न हलवता राजापुरीची अख्खी थप्पी विकणारा,
आणि इथं हे पाल्हाळ!

रुमाल, मी म्हटलं. तसंच.
चष्मा कपाळावर गेला.
मग एकेका बोटानं:
अडत. पट्टी. तोलाई. ऑफलाइन.

वजा शिकवावं लागलं नाही,
फक्त जागा दाखवली,
शब्दाला चिकटून, मध्ये फट नको.
घट, तूट, कडता यांतच तर हात मुरलेला.
-फेसपॅक
-दूध
-लग्न

इथं बोट जरा थांबलं.
नखं बारमाही पिवळी त्यांची,
अंगाला मात्र कुणी लावली नाही कधी.
'वजा केलं तरी,' पुटपुटले,
'हळद उरतीयाच की.'

पडद्यावर 'मोफत'चं हिरवं बटण
लुकलुकत होतं, टरबुजाएवढं.
मी माऊस नेला, त्यांनी मनगट धरलं:
'जो हाका मारतोय
त्याच्याकडं माल नसतोय.
खाली सरक.'