तार लाल होईपर्यंत

कृष्णेपासून दोन गल्ल्या आत आमचं कॉलेज,
प्रयोगशाळेच्या भिंतीवर पुराची तपकिरी रेघ,
माझ्या खांद्याला लागेल इतकी.
पहिल्या प्रॅक्टिकलला सर आलेच नाहीत.
मगदूममामा होते. हुद्दा अटेंडंट, शिक्षण नववी,
एका खिशात चाव्या, दुसऱ्यात तासगावचे बेदाणे.

"तार ज्योतीत धर. लाल हुईपर्यंत.
लाल म्हंजे लाल, गुलाबी न्हवं.
मग गार हुंदे. घाई केलीस तर
जित्या जिवाला चटका देशील
आनि वर म्हनशील, काय उगवलंच न्हाय."

घाटावरच्या पाण्याचा थेंब
खळग्याच्या काचेवर उलटा टांगलेला.
मी डोळा लावला आणि ओरडले,
हलतंय! सगळंच हलतंय!
"थरथरतंय का चाललंय?
मातीचा कण बी थरथरतो, पान्याच्या धक्क्यानं.
ज्याला जायाचं आसतं ते वाट कापतं.
थरथरनं म्हंजे जानं न्हवं. लिव."
मी लिहिलं : ब्राउनियन हालचाल व खरी गतिशीलता, फरक सांगा.
परीक्षेत दोन गुणांना आला.

पुस्तकात हॉलंडचा एक कापडवाला होता,
भिंगं घासायचा नाद लागलेला.
मिठानं घासलेल्या स्वतःच्या दातांतला मळ
त्यानं खरवडून पाहिला, आणि लंडनला कळवलं
की तोंडात इवले जीव नांदतात.
मामांना वाचून दाखवलं.
"कापडवाला व्हय? मग नजर आसनारच,"
म्हणाले, आणि बशा धुवायला गेले.

त्या बशांना एका साहेबाचं नाव आहे.
बशीतलं अगर मात्र एका बाईनं सुचवलं,
जेली थिजवायचं समुद्री शेवाळ, स्वयंपाकघरातलं.
तिचं नाव आमच्या डबीवर नव्हतं.

सदतीस अंशांच्या उबेत रात्र काढून
सकाळी बशीवर ठिपके. प्रत्येक ठिपका
एकाच पेशीची पिलावळ, म्हणजे कॉलनी.
मामांच्या भाषेत भावकी.
एकदा कडेला हिरवी बुरशी पडली
आणि तिच्याभोवती गोल मोकळी जागा, काहीच न उगवलेली.
मामा बराच वेळ बघत राहिले.
"हितं बी बांधाचं भांडन हाय की गं."

आता मी मिरजेच्या दवाखान्यात.
येता-जाता सतारमेकरांच्या दुकानात
टांगलेले भोपळे दिसतात आणि मला
फ्रान्समधला तो चंबू आठवतो, हंसाची मान वाकवलेला.
हवा आत जाते, धूळ वळणात बसते,
उकळलेला रस वर्षानुवर्षं नितळ.
मान मोडली की
गढूळ.

परवा एका डबीवर लेबल होतं :
मगदूम सुकुमार आदगोंडा, पुरुष, ७१. बेडका.
दोन आठवडे खोकला.

लाल रंग, खालून आच, वाफ येईपर्यंत.
मग आम्ल. बाकी सगळ्यांनी रंग सोडला.
मग निळा.
तेलाची भिंग उतरवली, मोजत गेले.
पहिली साठ फील्डं निळी.
एकसष्टाव्यात दोन काड्या, किंचित वाकड्या,
लाल. गुलाबी म्हणावं असं फार वाटलं.
शंभर पुरी होईतो सात.

स्लाइडवर तर सगळं मेलेलं, आचेवर चिकटवलेलं,
तरी काहीतरी हलत होतं.
बोट होतं माझं, स्क्रूवरचं.

संध्याकाळी फोन केला. नियमात बसत नाही, केला.
औषध आहे, म्हटलं, सहा महिने, एकही गोळी चुकवायची नाही.
पलीकडे खोकला. मग,
"किती फील्डं बघिटलीस?"
शंभर.
"उद्या सकाळचा नमुना देतो. तो बी बघ.
आनि त्यो बेसिनचा नळ
आमच्या जागी आलेला पोरगा बंद करतोय का गं नीट?"