रेशीमबागेतला पाळणा

तिकीट सत्तर रुपये. बाबा म्हणाले,
"इतक्यात दोन किलो संत्रा येते."
तरी बसले.
दांडा लावायला आलेल्या पोराला लावू दिला नाही,
स्वतः लावला, दोनदा हलवून पाहिला.

एकतीस वर्षं लाइनमन.
उमरेड रोडच्या ह्या बाजूचा असा खांब नसेल
ज्याला त्यांची मांडी घासली नाही.

वर जाऊन थांबलो. खाली माणसं भरत होते.
मैदानातलं गाणं वर येईतो पातळ झालेलं,
भज्यांचा वास मात्र तसाच घट्ट.
पलीकडे मेट्रो, उजेडाची लांब पेटी,
सरकत सरकत इमारतींमागे गेली.
मी बोट दाखवत होते:
तो सीताबर्डीचा किल्ला असेल,
ते दूरचे लाल दिवे, कोराडीची धुराडी असतील.
"खांबावरून असंच दिसायचं का हो?"

"खांबावरून गाव नसते पाहत, पोरी.
आपला हात पाह्यचा. फक्त हात.
गुलाब मेश्रामनं एकडाव मान वळवली होती."

पुढचं मला माहीत होतं.
मेश्रामकाकूंकडे आम्ही दर दिवाळीला जातो.

मग नंदनवनचा एक कोपरा विझला.
आवाज नाही, काही नाही.
भरल्या ताटातली एक वाटी
कुणी उचलून न्यावी, तेवढंच.
बाबा एकदम पुढे झुकले. पाळणा करकरला.
"डीओ उडाला," म्हणाले, अगदी हळू.

खाली आलो.
"अजून एक चक्कर," त्यांनीच पाकीट काढलं.
वर: अंधार.
खाली. पुन्हा वर. अंधारच.
पोरगा हसला, "काकाजीले लय आवडला पाळणा."
बाबा घड्याळ बघत होते, ओठ मोजत होते.
दोघांचे मिळून चारशे वीस रुपये झाले.
संत्र्याचं नाव कुणी काढलं नाही.

परतताना स्कूटी नंदनवनातून घ्यायला लावली.
आमचं घर त्या बाजूला नाही.
गल्लीच्या तोंडाशी खांब, खांबाला शिडी,
शिडीच्या टोकाला कुणीतरी,
बॅटरी दातात धरलेला.

बाबांनी माझा मोबाईल मागितला,
उजेड लावून हात वर केला,
दुखरा खांदा जाऊ देईल तितका वर.

"कोण हाय बे खाली?"

बाबांनी नाव सांगितलं नाही.
म्हणाले, "इकडं नको पाहू. हात पाह्य."