बाजू बदलताना

साठ मिनिटांची कॅसेट. लेबलावर बाबांचं अक्षर:
फेस्त, वेंगुर्ला, एप्रिल एकोणऐंशी.
शाई बुरशीनं खाल्ली, टेप अजून चालते.
लावण्याआधी पेन्सिल घालून दोन वेढे घट्ट करावे लागतात, एवढंच.

आधी जनरेटर ऐकू येतो. मग कुणाचा तरी खोकला.
मग बस्त्याव.

रापण ओढताना पुढचा गडी दोर खांद्यावर घेतो
तसा तो ट्रंपेट घेतो,
एकदम, सगळा भार अंगावर.
वरचा सूर लावतो आणि तिथेच उभा राहतो,
मांडवातून शिट्ट्या येईपर्यंत खाली उतरत नाही.
नऊ वर्षं मुंबईच्या हॉटेलात वाजवून आलेला, पांढरे बूट घालणारा.
दर तुकड्यानंतर अर्ध्या श्वासाची जागा सोडतो
टाळ्यांसाठी.
टाळ्या येतातही.

कायतान त्याच्यानंतर.
सॅक्सोफोन त्याचा नव्हे, इगर्जीच्या बँडचा,
एक चावी सायकलच्या ट्यूबच्या रबरानं बांधलेली.
तो लवकर सुरूच करत नाही.
ड्रमवाला दोनदा फिरून जागेवर येतो,
लोक कुजबुजायला लागतात,
आणि मग खालून, भरती खाडीत शिरते तसं काहीतरी:
पाणी चढताना दिसत नाही,
धक्क्याला बांधलेल्या होडीचा दोर तेवढा सैल पडतो.
बस्त्यावचीच ओळ उचलतो तो, शेपटीकडून धरतो,
काटा न मोडता सोलतो.

रुजार बर्फाच्या कारखान्यातून थेट दुकानात येतो, बाह्या ओल्या.
"ट्रंपेट बंदरार आयकाक येय होतो," म्हणतो,
"ह्याचो भोंगो मांडवाभायर तरी गेलो काय?"
पोस्टातले केळुसकर चष्मा पुसत राहतात.
"लांब गेलं म्हणजे खोल गेलं असं नव्हे, रुजार."
चाळीस वर्षं हेच. मी सोल्डरिंग करत ऐकतो.
दोघांनाही सांगत नाही
की माइक बस्त्यावच्या बाजूच्या बांबूला बांधला होता,
वायर तिथवरच पुरली म्हणून.

आणि दुसरी गोष्ट तर कुणालाच नाही.

कॅसेट उलटायचं काम माझं होतं. वय अकरा.
कायतान चढत चढत कुठल्याशा सुराच्या तोंडाशी आलाय
आणि खट्.
मी मांडवामागे खाज्याच्या दुकानासमोर उभा,
बोटांना गूळ.
धावत आलो, झाकण उघडेना, बटण चिकटलं.
दुसरी बाजू सुरू होते ती आरड्याओरड्यानं.
कशासाठी ओरडतायत लोक
ते टेपवर नाही.

बस्त्याव गेला त्या पावसाळ्यानंतर कायतान दुकानात आला.
छत्री दाराला अडकवली. म्हणाला, "लाव."
बस्त्याव वाजवत असताना जमिनीकडे बघत बसला.
बस्त्याव टाळ्यांसाठी थांबला तेव्हा
त्यानं मांडीवर तळवा एकदाच आपटला.
मग तो स्वतः. मग खट्.
कॅसेट उलटायला मी हात पुढे केला,
त्यानं मान हलवली: थांब.
काउंटरच्या कडेवर त्याची बोटं चालत राहिली,
रबर बांधलेल्या चावीपाशी करंगळी जरा जोरात.
ओठ मिटलेले. मी अकरा मात्रावर्तनं मोजली.
मग डोळ्यांनी खूण केली, मी बटण दाबलं,
आणि त्या आरड्याओरड्याखाली सॅक्सोफोन जिथे होता
तिथेच त्याची बोटं होती.

मी म्हणालो, ते माझ्यामुळे गेलं.
"बरां झालां," तो म्हणाला, "थंय माझो सूर चुकललो."

चुकला असेल.
चुकलेल्या सुरावर वेंगुर्ल्याचा मांडव
इतका ओरडेल का, हे मी केळुसकरांना विचारू शकलो असतो.
छत्री घेऊन तो निघाला. पाऊस नव्हताच.

रुजार अजून येतो, बाह्या ओल्या,
"लाव रे, मगे बोल पयलो कोण."
मी लावतो.
पहिली बाजू संपत आली की हातातलं काम ठेवतो,
टेपजवळ जाऊन उभा राहतो.
हल्ली हात धुऊन.