सहा टिंबं

कागद पातळ हवा.
दुकानातला जाड कागद घडी घातली की फुगतो,
कात्रीला उलट उत्तर देतो.
मी हेनिंगच्या वहीतलं पान फाडते.
फेरीबोटीच्या इंजिनाच्या नोंदींसाठी आणलेली वही,
अर्धी कोरीच ठेवून गेला.

घडी एकच, उभी. अंगठ्याच्या नखाने दाबलेली.
कात्री नखं कापायची, वाकड्या चोचीची.
हात हलवायचा नाही, फिरवायचा तो कागद.
आणि आधी आतलं कापायचं, कड सगळ्यात शेवटी.
कड आधी गेली तर धरायला काही उरत नाही
(हे मला भांडणातसुद्धा फार उशिरा कळलं).

आमच्या बेटावर फेब्रुवारी म्हणजे
शिडांच्या दोऱ्या रात्रभर डोलकाठ्यांवर आपटत राहतात,
आणि अंगणात एक पांढरं फूल बर्फातून मान वर काढतं, खाली घालून उभं राहतं.
हिवाळ्याला फसवणारं, म्हणतात त्याला इथे.
ते फूल कातरलेल्या पत्रात ठेवायचं, चार ओळी लिहायच्या,
सही करायची नाही.
नावात जितकी अक्षरं तितकी टिंबं.
ज्याला मिळालं त्याने ओळखायचं कोणाचं ते.
ओळखलं नाही तर ईस्टरला एक अंडं देणं लागतो.
अळीमिळी गुपचिळी.
पोरांचा खेळ. मी एकाहत्तर वर्षांची आहे.

ठरवलं होतं हृदय. पण हृदय सगळेच कापतात.
कात्री घडीवरून खाली निघाली आणि खोड झाली,
मग फांदी, तिच्यावर तीन नाशपाती,
पानांच्या जागी तांदळाच्या कणीएवढी भोकं.
मेणकापडावर कपट्यांचा सडा पडला.
एक कपटा चहात. तसाच प्यायले.

आमचं नाशपातीचं झाड कुंपणावरच उभं होतं.
आयनरच्या काचघरावर सावली पडायची, टोमॅटो पिकेनात.
एका शनिवारी मी मुलीकडे गेले असताना
त्याने करवत चालवली.
कायद्याने वागला, अर्धंच तोडलं.
त्याच्या बाजूचं.
उरलेलं अर्धं त्या हिवाळ्यातल्या वादळात माझ्या अंगणात आडवं झालं.
मी काही बोलले नाही.
अकरा वर्षं काही बोलले नाही.

आता घडी उलगडते, हळू,
ओल्या जखमेवरची पट्टी काढावी तशी.
मी अर्धंच झाड कापलं होतं.
दुसरं अर्धं कागदाने आपणहून दिलं.
सहा नाशपाती.
दिव्यासमोर धरलं तर भिंतीवर सावली पडली,
कोणाच्याही टोमॅटोला न अडवणारी.

भोकं चुकवत चुकवत, डाव्या हाताने लिहिलं:

*टिंबे सहा अन् फूल हे थंडे,*
*चुकलास तर तू द्यायचे अंडे.*
*कोण मी, ते ओळख गड्या,*
*नाहीतर घाल कानाला खडा.*

यमक शेवटी जरा लंगडलं. लंगडू दे.
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा टिंबं.
सोल्वाय.

कुंपणात कुत्रं जाईल एवढी फट आहे,
तरी मी रस्त्याने वळसा घालून गेले, अंधारात,
चोरासारखी, पायात हेनिंगचे बूट.
पत्रपेटीचं झाकण कुरकुरलं.
आत दिवा लागला.
या वयात मी पळाले!

मग मार्च गेला. तो कोंबड्यांना दाणे टाकताना दिसायचा.
मान वर नाही.
पत्र चुलीत गेलं असेल, मी म्हटलं,
आणि बटाटे लावायला घेतले.

ईस्टरच्या रविवारी पायरीवर अंडं होतं.
तपकिरी, अजून कोमट, मोज्यात बसवलेलं,
आणि टरफलावर पेन्सिलीने:
*ओळखता आलं नाही. हरलो.*

मी दारात उभी राहिले, मोजा हातात.
ज्याला ओळखता आलं नाही
त्याला पायरी बरी सापडली.

चार मिनिटं उकडलं.
टेबलावर मीठ होतं, भरलेली बरणी.
तिला कपाटात ठेवलं, कपाट लावलं,
आणि कुंपणाच्या फटीशी वाकून हाक मारली:
आयनर,
चिमूटभर मीठ आहे का?