उजव्या बाजूने

आमच्या घरात 'फिरायला' हा शब्द
चार वर्षांत कुणी उच्चारलेला नाही.
आधी त्याची फोड केली, नुसतं 'फि' म्हणायचो.
फुलीला ते आठवडाभरात कळलं.
मग काढलं 'हॅरिस पुलाची पाहणी'.
तर 'पाहणी' निघाली की पट्टा तोंडात घेऊन ही दारात.
आता मी आईला फक्त भुवईनं विचारते
आणि पलंगाखालून फरशीवर शेपूट वाजतं,
ठप. ठप.

रेंजहिल्सच्या क्वार्टरमागे सापडली होती,
अंगभर खरूज, कपाळावर पांढरी फुली.
पप्पा तेव्हा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात,
वहीत नापास मालापुढे अशीच फुली मारायचे.
'नापास माल,' म्हणाले,
आणि शर्टात घालून घरी घेऊन आले.

आईची रविवारची साडी निघाली की ती उठत नाही,
चर्चमध्ये आपल्याला नेत नाहीत हे तिला पाठ.
बाजाराची पिशवी मात्र
खुंटीवरून उतरायच्या आत ऐकू येते.
एकदा पायात काच गेली, तीन दिवस कोंबडीचं सूप मिळालं.
तेव्हापासून पाहुणे आले की लंगडते.
कधी डावा पाय, कधी उजवा.
कोणता दुखत होता ते लक्षात राहत नाही बिचारीच्या.

गेल्या नाताळापासून पप्पा कमी बोलू लागले.
हाक मारली तर ओ नाही.
आई म्हणाली, रिटायर माणसाचा ताठा.
दादा चिंचवडहून आला, सोफ्यावर टेकलाही नाही,
'फ्लॅटच्या पैशांवरून राग आहे अजून.'
मी टीव्हीला बोल लावला.
तीन माणसं, तीन कारणं,
आणि जेवायला बसलो की भांड्यांचेच आवाज.

त्याच दिवसांत फुली पप्पांवर भुंकेनाशी झाली.
दूधवाल्यावर भुंकायची, लिफ्टवर, माझ्यावरसुद्धा.
पप्पांशी काम असलं की उठायची,
त्यांच्या खुर्चीला वळसा घालायची,
भिंत आणि टीपॉयच्या सांदीतून अंग चोरून
उजवीकडे यायची,
आणि गुडघ्याला ओलं नाक लावायची.
डावीकडे केवढी मोकळी जागा.
मी बघायचे रोज. वाटायचं,
वेडी आहे, लांबून येते.

रस्त्यावर आधी पुढे धावायची,
आता पप्पांच्या डाव्या पायाला चिकटून.
मागून रिक्षा आली की
सगळ्या अंगानं त्यांना फुटपाथकडे रेटायची.
पप्पा खेकसायचे, 'नीट चाल की!'

मार्चमध्ये शिवाजीनगरच्या दवाखान्यात
काचेच्या खोलीत त्यांना बसवलं, कानांवर हेडफोन.
मुलीनं आलेख पुढे ठेवला.
उजव्या कानाचे लाल गोल, बरे होते.
डाव्या कानाच्या निळ्या फुल्या
जिना उतरत गेल्यासारख्या खाली, अगदी खाली.
'फुल्या का?' मी विचारलं.
'डाव्या कानाची खूण तीच असते, ताई.'
पप्पांनी कागद लांब धरून पाहिला, हसले,
'नापास माल.'

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून?
आई माझ्याकडे बघू लागली, मी दादाकडे.
दादा मोबाईल चाळत होता, त्यात काय सापडणार होतं!
जिला तारीख माहीत होती
ती बोपोडीत, दुसऱ्या मजल्यावर,
गॅलरीच्या गजांतून नाक बाहेर काढून बसली होती.

मशीन आलं. चण्याएवढं, किंमत स्कूटरएवढी.
फुलीनं ते हुंगलं, शिंकली.
दोन दिवस पुन्हा तोच वळसा, तीच सांदी.
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी
खुर्चीच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली
आणि एकदाच, हलकंसं भुंकली,
रेंज नसताना आपण म्हणतो ना, हॅलो,
येतंय का ऐकू, तसं.

पप्पा दचकले.
'अगं, ओरडतेस काय कानात?'
स्वयंपाकघरात आईनं गॅस बारीक केला.
फुली तोवर पट्टा आणायला गेली होती.